स्पॅनिशमध्ये ‘शिकारी’ कोणाला म्हणावे? कासादोर, देप्रेदादोर आणि त्यांच्या आसपासचे शब्द

प्रश्न असा आहे. ताडोबाच्या जंगलाची माहिती देणारा एक मराठी मजकूर स्पॅनिश पर्यटकांसाठी भाषांतरित करायचा आहे आणि त्यात ‘शिकारी’ किंवा ‘शिकार’ हे शब्द पाच ठिकाणी येतात. वाघ हा या जंगलातील सर्वोच्च शिकारी आहे. बिबट्या दबा धरून शिकार करतो. शिकारी पक्ष्यांमध्ये गरुड, ससाणे आणि गिधाडे येतात. पूर्वी येथे शिकारी मचाणावर बसून वाघ मारीत. आणि अलीकडे शिकाऱ्यांनी लावलेल्या फासात एक बिबट्या अडकला. शब्दकोशात ‘कासादोर’ आणि ‘देप्रेदादोर’ असे दोन प्रतिशब्द मिळतात, तर त्यांतला कोणता कोठे वापरावा, असे विचारले आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ स्पॅनिश शिकवत आणि मराठी–स्पॅनिश भाषांतर करत आले आहे, आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला आहे. पाचही ठिकाणी एकच शब्द चालणार नाही, आणि पाचांपैकी दोन ठिकाणी तर कोशातल्या या दोन शब्दांपैकी एकही योग्य ठरणार नाही. त्यामागची कारणे नीट समजून घेतली, तर पुढच्या मजकुरांतही अडचण येणार नाही.

आधी उच्चाराविषयी थोडे. येथे मी सर्वत्र लॅटिन अमेरिकेतील उच्चार देवनागरीत लिहीत आहे, म्हणून ‘कासादोर’. स्पेनच्या बहुतेक भागात तोच शब्द ‘काथादोर’ असा ऐकू येतो. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. ‘शिकार’ या अर्थाचा ‘कासा’ आणि ‘घर’ या अर्थाचा ‘कासा’ हे दोन शब्द लिहिताना वेगळे असले, तरी लॅटिन अमेरिकेत बोलताना एकच होतात. ‘शिकार करणे’ आणि ‘लग्न लावणे’ या दोन क्रियापदांचेही तेच होते, दोन्ही ‘कासार’. कदाचित म्हणूनच त्या खंडात शिकारीसाठी ‘कासेरीआ’ हा शब्द अधिक मोकळेपणाने वापरला जातो. स्पेनमध्ये ‘कासेरीआ’ म्हणजे मुख्यतः शिकारीची मोहीम, चारचौघांनी मिळून केलेली एखादी विशिष्ट शिकार. एकूण शिकार या गोष्टीला तेथे ‘ला कासा’ म्हणतात. मजकूर ध्वनिमुद्रित होणार असेल आणि ऐकणारे मेक्सिको किंवा कोलंबियाचे असतील, तर ‘कासेरीआ’ घेणे सुरक्षित.

आता मुख्य मुद्दा. मराठीतील ‘शिकारी’ हा शब्द बंदूकधारी माणसाला, वाघाला, ससाण्याला आणि कुत्र्याला सारख्याच सहजतेने लागतो, कारण आपण तो नाम म्हणूनही वापरतो आणि विशेषण म्हणूनही. स्पॅनिशमध्ये क्रियापद सर्वांसाठी एक आहे, नामे मात्र वेगळी आहेत. माणूस ‘कासा’, वाघ ‘कासा’, मांजरही ‘कासा’ (म्हणजे शिकार करते); हातमोजे घातलेले मांजर उंदीर धरत नाही, अशा अर्थाची जी स्पॅनिश म्हण आहे, तिच्यातही हेच क्रियापद आहे. परंतु ‘तो कोण आहे’ असे विचारले, की वाटा फुटतात. माणूस असेल तर तो ‘कासादोर’. प्राणी असेल आणि निसर्गाच्या रचनेतील त्याचे स्थान सांगायचे असेल तर तो ‘देप्रेदादोर’. स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीच्या कोशात प्राण्यांच्या बाबतीत ‘देप्रेदार’ या क्रियापदाचा अर्थच असा दिला आहे, की उदरनिर्वाहासाठी दुसऱ्या जातीच्या प्राण्यांची शिकार करणे, आणि त्या व्याख्येतले ‘शिकार करणे’ म्हणजे पुन्हा ‘कासार’.

म्हणजे प्राण्याला ‘कासादोर’ कधीच म्हणू नये का? तसे नाही, आणि येथेच बहुतेक पाठ्यपुस्तके घाई करतात. बिबट्या हा एकटा शिकार करणारा आहे, असे सांगताना स्पॅनिश माणूस सहजपणे ‘उन कासादोर सोलितारियो’ म्हणेल. मांजर उंदरांचा फडशा पाडण्यात तरबेज असेल, तर ते ‘बुएन कासादोर’. ‘कासादोर’ हा प्राण्याचे कसब सांगतो, त्याची पद्धत, चपळाई, स्वभाव सांगतो; ‘देप्रेदादोर’ अन्नसाखळीतील जागा सांगतो. कोळी, ड्रॅगनफ्लायची अळी, बिबट्या आणि शार्क हे सगळे ‘देप्रेदादोर’ आहेत, मग त्यांचे कसब कसेही असो. आपल्याकडे कृषी-शास्त्रातील लेखक ‘परभक्षी कीटक’ असा शब्द वापरतात. तो ‘देप्रेदादोर’च्या अगदी जवळचा आहे. वाक्यात ‘शिकारी’च्या जागी ‘परभक्षी’ घालून पाहावे. अर्थ न बिघडता केवळ भाषा थोडी पुस्तकी झाली, तर ‘देप्रेदादोर’ घ्यावा. आणि ‘शिकार करण्यात पटाईत’ असे घातले तर वाक्य बसत असेल, तर ‘कासादोर’.

हा भेद न पाळल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण इबेरियन लिंक्सविषयीच्या मजकुरांत सापडते. हे रानमांजर जवळजवळ पूर्णतः सशांवर जगते. 2002 च्या गणनेत त्याची संख्या शंभराच्याही खाली होती. 2023 मध्ये ती दोन हजारांच्या पुढे गेली आणि 2024 मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ गटातून काढून ‘असुरक्षित’ गटात ठेवण्यात आले. दक्षिण स्पेनमधील आन्दालुसियातील ज्या खासगी जमिनींवर ते वावरते, त्यांतल्या पुष्कळ जमिनी माणसांच्या शिकारीसाठी राखलेल्या असतात, आणि तेथील माणसांनाही ससेच हवे असतात. त्यामुळे या विषयावरच्या एकाच परिच्छेदात माणूस आणि लिंक्स एकाच सशामागे लागलेले असतात. स्पॅनिश लेखक ‘लोस कासादोरेस’ आणि ‘एल देप्रेदादोर’ असे लिहितो आणि कोणाविषयी बोलणे चालले आहे, याविषयी वाचकाला क्षणभरही शंका राहत नाही. आपण दोन्हीकडे ‘कासादोर’ घातला, तर ससे कमी होण्याचा दोष कोणाला दिला जात आहे, हेच कळेनासे होईल. उलट दिशेने, म्हणजे स्पॅनिशमधून मराठीत येताना, मी लिंक्ससाठी ‘भक्षक’ आणि माणसांसाठी ‘शिकारी’ अशी वाटणी करते.

सावजाच्या बाबतीत मात्र मराठी आणि स्पॅनिश यांची गाठ चांगली पडते. आपण बंदुकीच्या टप्प्यात आलेल्या हरणाला ‘सावज’ म्हणतो आणि वाघाच्या तोंडच्या हरणाला ‘भक्ष्य’. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘प्येसा’, दुसऱ्याला ‘प्रेसा’. ‘प्रेसा’ माणसाच्या सावजालाही चालतो, पण वाघाच्या भक्ष्याला ‘प्येसा’ म्हटलेले चालत नाही, कारण त्या शब्दात मोजदाद आहे, आज किती मिळाले याचा हिशेब आहे. ‘प्रेसा’चा दुसरा अर्थ ‘धरण’ असा आहे, हे जलाशयाजवळच्या अभयारण्यांविषयी लिहिताना ध्यानात ठेवावे.

माणसाला ‘कासादोर’ म्हणताना स्पेनमधील वाचकाच्या मनात काय येते, तेही पाहिले पाहिजे. 1970 च्या स्पॅनिश शिकार कायद्याने ‘शिकार करणे’ या कृतीची व्याख्या करताना ती माणसाने केलेली कृती असेच म्हटले आहे: हत्यारे किंवा अन्य साधने वापरून प्राण्याचा शोध घेणे, त्याला आकर्षित करणे, त्याचा पाठलाग करणे, मारण्याच्या किंवा ताब्यात घेण्याच्या हेतूने. त्याच कायद्यात शिकारीचा हक्क चौदा वर्षांवरील परवानाधारक व्यक्तीला दिला आहे. स्पेनमध्ये हा परवाना असलेली लाखो माणसे आहेत. गावोगावी त्यांचे संघ आहेत, शिकारीचा हंगाम आणि बंदीचा काळ ठरलेला आहे. म्हणून ‘कासादोर’ हा शब्द स्पॅनिश कानाला सामान्यतः कायदेशीर, परवाना असलेला, हंगाम पाळणारा माणूस असा ऐकू येतो. शिकारीशी संबंधित सगळ्या गोष्टींना लागणारे ‘सिनेखेतीको’ हे भारदस्त विशेषण सरकारी कागदांत सारखे भेटते; ते ग्रीकमधून आले आहे आणि त्याच्या मुळाशी कुत्रे घेऊन जाण्याची कल्पना आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परिस्थिती पूर्ण उलट आहे. आजच्या महाराष्ट्रात वाघाची शिकार करणारा माणूस हा गुन्हेगारच असतो, म्हणून मराठी बातमीत ‘शिकाऱ्यांनी वाघ मारला’ एवढे लिहिले तरी पुरते; ‘चोरटे’ हे विशेषण आपण मनातल्या मनात जोडतो. ते वाक्य ‘लोस कासादोरेस’ असे स्पॅनिशमध्ये गेले, तर वाचणाऱ्याला वाटेल की भारतात परवाने घेऊन वाघ मारता येतात. हा अर्थाचा फार मोठा घोटाळा आहे आणि मी तो छापील पत्रकांत पाहिला आहे. अशा ठिकाणी ‘कासादोर फुर्तीवो’ किंवा नुसते ‘फुर्तीवो’ हाच शब्द हवा. तो स्पॅनिश भाषेत सर्वत्र समजतो आणि चोरट्या शिकारीला ‘कासा फुर्तीवा’ म्हणतात. उलट, इंग्रज अमलातील साहेबांच्या किंवा संस्थानिकांच्या शिकारीविषयी लिहिताना ‘कासादोर’ अगदी योग्य, कारण तेव्हा ती उघड आणि मान्य गोष्ट होती. काळ पाहून शब्द निवडावा लागतो, तो असा.

‘देप्रेदादोर’ माणसाला लावताना फारच जपावे. या घराण्यातील क्रियापदाचा जुना अर्थ लुटणे, नासधूस करणे असा आहे, आणि आजच्या वृत्तपत्री भाषेत ‘देप्रेदादोर सेक्स्वाल’ म्हणजे लैंगिक अत्याचार करणारा सराईत गुन्हेगार. एखाद्या आदिवासी समाजाच्या शिकारीच्या कौशल्याची स्तुती करताना कोणी हा शब्द वापरला, तर ती स्तुती आरोप होऊन बसेल. शास्त्रीय लेखात माणूस हा निसर्गातील ‘सुपेरदेप्रेदादोर’ (अन्नसाखळीच्या टोकावरचा परभक्षी) आहे, असे विधान येते आणि तेथे ते बरोबर आहे, कारण तेथे माणसाकडे एक प्राणीजात म्हणून पाहिलेले असते. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजांसाठी ‘कासादोरेस-रेकोलेक्तोरेस’ ही रूढ संज्ञा आहे.

गोव्यातील ज्या वाचकांच्या घरात पोर्तुगीज होती, त्यांच्यासाठी दोन सूचना. पोर्तुगीजमध्ये ‘प्रेदादोर’ हा शब्द रूढ आहे; स्पॅनिशमध्येही तो कोशात आहे आणि चूक नाही, पण तेथे ‘देप्रेदादोर’ कितीतरी अधिक चालतो. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. पोर्तुगीजमध्ये ‘रापास’ म्हणजे मुलगा, तरुण पोरगा. स्पेनच्या वायव्य भागात स्पॅनिश बोलणारेही त्या अर्थाने हा शब्द वापरतात. परंतु ‘आवे रापास’ किंवा अनेकवचनी नुसते ‘रापासेस’ म्हटले, की तो पक्ष्यांचा गट होतो, आणि आपल्या ‘शिकारी पक्षी’ या संज्ञेला हाच नेमका प्रतिशब्द आहे.

या शब्दाविषयी मी मुद्दाम सावकाश लिहिते, कारण माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एकात मीच चुकले होते. एका पक्षी-प्रदर्शनाच्या फलकांसाठी मी ‘शिकारी पक्षी’चे भाषांतर ‘पाखारोस कासादोरेस’ असे केले होते. त्यात दोन दोष होते. ‘पाखारो’ म्हणजे चिमणी, मैना यांसारखा लहान पक्षी. गरुडाला ‘आवे’ म्हणतात. आणि ‘कासादोरेस’ म्हटल्यामुळे गिधाडे त्या फलकात बसेनाशी झाली, कारण गिधाड शिकार करतच नाही, ते मेलेले खाते. त्याला ‘कारोन्येरो’ म्हणतात. ‘रापासेस’ या गटात मात्र गरुड, ससाणे, घुबडे आणि गिधाडे अशी सर्वांना जागा आहे, कारण तो गट चोच, नखे आणि शरीररचना यांवरून ठरलेला आहे. जुन्या पुस्तकांत ‘आवे दे रापीन्या’ असा प्रयोग भेटतो. त्यात लुटारूपणाची छटा आहे आणि निसर्गाविषयीच्या आजच्या लेखनात तो मागे पडत चालला आहे. मासे धरणाऱ्या पक्ष्यांना ‘कासादोर’ऐवजी ‘पेस्कादोर’ लागतो: खंड्या म्हणजे ‘मार्तीन पेस्कादोर’ आणि मत्स्यगरुड म्हणजे ‘आगिला पेस्कादोरा’.

पक्ष्यांकडून शिकार करविणाऱ्या माणसांची शब्दसंपदा स्पॅनिशमध्ये फार जुनी आहे. अशा माणसाला ‘सेत्रेरो’ आणि त्या विद्येला ‘सेत्रेरीआ’ म्हणतात. केवळ ससाणे सांभाळणारा तो ‘आल्कोनेरो’. 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही विद्या समाविष्ट झाली, तेव्हा ती सुचविणाऱ्या देशांत स्पेनही होता. उंच भरारी घेऊन वरून झेपावणाऱ्या ससाण्यांच्या शिकारीला ‘आल्तानेरीआ’ हे वेगळे नाव आहे. ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या प्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीच्या 1615 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात नायकाला भेटणारी सरदारीण अशाच पक्षी-शिकारीच्या तांड्यात असते आणि त्या प्रकरणाच्या शीर्षकात तिला ‘सुंदर कासादोरा’ म्हटले आहे. स्त्रीसाठी हा शब्द किती जुना आणि सन्मानाचा आहे, ते यातून दिसते. जाता जाता सांगते, की जुन्या स्पॅनिशमध्ये ससाण्याच्या एका जातीला ‘बाआरी’ म्हणत आणि आपण ज्याला बहिरी ससाणा म्हणतो, त्यातील ‘बहिरी’चाही उगम तोच, अरबीतील समुद्रवाचक शब्द. एकच शब्द दोन दिशांनी प्रवास करून माद्रिदला आणि मराठवाड्यात पोहोचला, याचा मला आजही आनंद वाटतो.

जमिनीवरच्या शिकारीत प्रत्येकाचे काम वेगळे आणि शब्दही वेगळा. रानडुकरे, सांबरासारखे मोठे प्राणी यांच्यामागे कुत्र्यांचा जमाव सोडून, माणसे ठरावीक जागांवर उभी करून जी मोठी शिकार होते, ती ‘मोन्तेरीआ’, आणि तीत भाग घेणारा ‘मोन्तेरो’. कुत्र्यांच्या त्या जमावाला ‘रेआला’ म्हणतात. आपल्याकडे हाका घालून सावज उठविणारे ‘हाकारे’ असत. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘ओखेआदोर’ म्हणतात, विशेषतः तित्तिरांच्या शिकारीत. जुन्या मराठी शिकारकथांत हाकारे पानोपानी येतात. त्यांना ‘कासादोर’ म्हणणे ही माहितीची चूक आहे, कारण त्यांच्या हातात बंदूक नसे आणि मारण्याचे श्रेयही त्यांना मिळत नसे. एकट्याने माग काढत दबकत जाण्याला ‘रेसेचो’ आणि एका जागी बसून वाट पाहण्याला ‘एस्पेरा’ किंवा ‘आग्वार्दो’ म्हणतात. मचाणावरची शिकार म्हणजे ही ‘एस्पेरा’. फास लावणारा ‘लासेरो’, सापळे लावणारा ‘त्राम्पेरो’. ‘लासेरो’ भटकी कुत्री पकडणाऱ्या पालिकेच्या माणसालाही म्हणतात, म्हणून संदर्भ स्पष्ट हवा.

कुत्र्यांसाठी एवढेच, की ‘पेर्रो दे कासा’ म्हणजे शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचा कुत्रा आणि ‘पेर्रो कासादोर’ म्हणजे प्रत्यक्षात शिकार करणारा कुत्रा. शिकारी कुत्र्यांच्या टोळीला ‘खाउरीआ’ म्हणतात, लांडग्यांच्या कळपाला ‘मानादा’.

लांडग्याचे उदाहरण थोडे विस्ताराने द्यायला हवे, कारण बोलणारा कोण आहे यावर शिकारी प्राण्याचे नाव कसे बदलते, हे त्याच्याइतके कोणीच दाखवीत नाही. स्पेनच्या मेंढपाळांच्या भाषेत तो पिढ्यान्‌पिढ्या ‘आलिमान्या’ होता. ‘आलिमान्या’ म्हणजे शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या आणि शिकाऱ्याच्याही मुळावर उठलेला उपद्रवी प्राणी. कोल्हा, गरुड, रानमांजर हे सगळे त्या एका शब्दात कोंबले जात. 1953 मध्ये उपद्रवी प्राण्यांच्या निर्मूलनासाठी तेथे प्रांतोप्रांती सरकारी मंडळे स्थापन झाली आणि मारलेल्या प्रत्येक जनावरामागे बक्षीस मिळू लागले. हे काम करून पोट भरणारा तो ‘आलिमान्येरो’. केवळ लांडग्यांमागे असणारा ‘लोबेरो’. पुढे फेलिक्स रोद्रीगेस दे ला फुएन्ते (1928–1980) या निसर्ग-अभ्यासकाने लांडग्याची बाजू रेडिओ-दूरचित्रवाणीवरून लोकांपर्यंत नेली. तो स्वतः नावाजलेला ‘सेत्रेरो’ होता. 1970 च्या कायद्यानंतर लांडगा ‘आलिमान्या’ न राहता ‘प्येसा दे कासा’ झाला, म्हणजे वाटेल तेव्हा न मारता नियमांनुसार शिकार करण्याचा प्राणी. 2021 मध्ये तो देशभर संरक्षित ठरला आणि दुएरो नदीच्या उत्तरेकडील त्याची शिकार बंद झाली. 2025 मध्ये त्या उत्तरेकडील भागात हे विशेष संरक्षण काढून घेण्यात आले. जनावर तेच, मेंढ्या मारण्याची त्याची रीतही तीच. जीवशास्त्रज्ञ त्याला पहिल्यापासून ‘देप्रेदादोर’च म्हणत आले. बाकी सगळी नावे माणसाच्या त्याच्याविषयीच्या भूमिकेची आहेत. म्हणून एखाद्या स्पॅनिश मजकुरात ‘आलिमान्या’ दिसला, तर त्याचे ‘शिकारी प्राणी’ असे सौम्य भाषांतर करू नये. त्यातील राग मराठीत आला पाहिजे. आणि आपल्या अभयारण्याच्या पत्रकात हा शब्द कधीही येऊ देऊ नये.

पाळीव जनावरांच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. जुन्नर भागातला बिबट्या उसातून येऊन वासरू नेतो, तेव्हा आपण ‘बिबट्याने वासराची शिकार केली’ असे सहज लिहितो. स्पॅनिशमध्ये ‘कासार’ बहुधा रानटी सावजासाठी वापरतात. गोठ्यातल्या वासरासाठी ‘मातार’ (मारणे) किंवा ‘आताकार’ (हल्ला करणे) म्हणावे. लांडग्यांनी मेंढ्यांवर घातलेल्या झडपेला स्पॅनिश मेंढपाळ ‘लोबादा’ म्हणतात.

नरभक्षक वाघाला सर्वसामान्य स्पॅनिशमध्ये ‘देवोरादोर दे ओम्ब्रेस’ म्हणजे माणसे खाणारा असे म्हणतात. लॅटिन अमेरिकेत याहून नेमका शब्द आहे: ‘सेबादो’, म्हणजे माणसाच्या मांसाची चटक लागलेला. अर्जेंटिनाचे लेखक सार्मिएन्तो यांनी 1845 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ज्या ‘तीग्रे सेबादो’ची हकिगत सांगितली आहे, तो मात्र आपला पट्टेदार वाघ नव्हे. त्या खंडातल्या बोलीभाषेत जग्वारला ‘तीग्रे’ आणि प्यूमाला ‘लेओन’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि व्हेनेझुएला-कोलंबियाच्या मैदानी प्रदेशात जग्वार मारणारा तो ‘तिग्रेरो’. त्यामुळे लॅटिन अमेरिकी वाचकांसाठी वाघाचा उल्लेख प्रथम येईल तेथे ‘तीग्रे दे बेंगाला’ असे पूर्ण नाव द्यावे.

तिकडचे आणखी दोन शब्द फसवतात. स्पेनच्या गालीसिया किनाऱ्यावर ‘मारिस्कादोरा’ म्हणजे ओहोटीच्या वेळी शिंपले, तिसऱ्या वेचणारी बाई. कोकणातल्या वाचकाला तिचे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. परंतु अर्जेंटिनाच्या इबेरा पाणथळ प्रदेशात ‘मारिस्कादोर’ म्हणजे होडीतून फिरून मगरीसारखे यकारे आणि कार्पिंचो (पाणथळीत राहणारा, उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) मारणारा शिकारी. ते क्षेत्र संरक्षित झाल्यावर त्यांच्यापैकी काही जण तेथेच वनरक्षक झाले. तसेच ‘लोबेरो’ स्पेनमध्ये लांडग्यांमागचा माणूस, तर उरुग्वे आणि पातागोनियाच्या किनाऱ्यावर समुद्रसिंहांची शिकार करणारा, कारण तेथे समुद्रसिंहाला ‘लोबो मारीनो’ म्हणजे समुद्री लांडगा म्हणतात. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात घरच्यांच्या पोटासाठी रानात जाणारा तो ‘मितायेरो’. हे शब्द आपल्या पत्रकात घालायचे नाहीत, पण समोर आले तर ओळखता यावेत.

व्याकरणात दोन-तीन ठिकाणी जपावे. ‘कासादोरा’ म्हणजे शिकार करणारी स्त्री किंवा मादी खरी, पण स्पेनमध्ये कंबरेपर्यंतच्या जाकिटालाही हाच शब्द आहे. मेक्सिको शहरातील 1942 च्या प्रसिद्ध कारंज्यावरच्या धनुर्धारी मूर्तीला सगळे ‘दियाना कासादोरा’ म्हणतात, तेथे अर्थ स्वच्छ आहे. परंतु ‘कासादोरा दे क्वेरो’ म्हटले, तर ते चामड्याचे जाकीट होते. सिंहिणींविषयी लिहिताना ‘सिंहिणी कळपाने शिकार करतात’ असे क्रियापद वापरणे मला अधिक बरे वाटते. ‘ला कासा’ म्हणजे शिकार आणि पुल्लिंगी ‘एल कासा’ म्हणजे लढाऊ विमान. ‘कासा’ पुढे जोडून झालेले सामासिक शब्द, उदाहरणार्थ गुणी माणसे हेरणारा ‘कासातालेन्तोस’, स्त्री-पुरुष दोघांसाठी आणि दोन्ही वचनांत तसेच राहतात.

मराठीतून जाताना उरतात ते आपलेच दोन शब्द. ‘पारधी’ला कोशात शिकारी असा अर्थ असला, तरी महाराष्ट्रात ते एका समाजाचे नाव आहे, ज्याच्यावर 1871 च्या इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्याला स्वतंत्र भारतात 1952 मध्ये त्यातून मुक्त केले. त्याचे ‘कासादोर’ असे भाषांतर केले, तर माणसे पुसली जातात. आणि ‘फुर्तीवो’ केले, तर तो शिक्का पुन्हा मारल्यासारखे होते. ‘पारधी’ हे नाव तसेच ठेवून, परंपरेने शिकारीवर जगणारा समाज, असे चार शब्द जोडावेत. दुसरा शब्द ‘व्याध’. रात्रीच्या जंगल-सहलीच्या मजकुरात तारे येतातच. आपला व्याध हा एक तारा आहे, स्पॅनिशमध्ये ‘सीरियो’. मृगाच्या पोटात त्याचा बाण रुतलेला आहे. स्पॅनिश माणूस मात्र त्याच आकाशात आपल्या मृगाच्या तारकांनाच ‘एल कासादोर’ म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने तो ओरियन हा शिकारी आहे, आणि आपला व्याध त्या शिकाऱ्याचा कुत्रा. आपले हरीण तेथे शिकारी होते. म्हणून व्याधासाठी ‘कासादोर’ लिहिले, तर पर्यटक भलत्याच ताऱ्यांकडे पाहतील. ‘सीरियो’ लिहावे आणि आपली कथा वेगळी सांगावी.

तर मूळची पाच वाक्ये मी अशी लिहीन. वाघासाठी: ‘एल तीग्रे दे बेंगाला एस एल सुपेरदेप्रेदादोर दे एस्ते बोस्के’. मजकूर लहान मुलांसाठी असेल, तर ‘एल ग्रान देप्रेदादोर’ पुरे. बिबट्यासाठी नाम टाळून क्रियापद: ‘एल लेओपार्दो कासा आल आसेचो’. ‘दबा धरून’ या आपल्या सुंदर प्रयोगाला ‘आल आसेचो’ तोलामोलाचा आहे. पक्ष्यांसाठी: ‘एन्त्रे लास रापासेस से एन्क्वेन्त्रान आगिलास, आल्कोनेस इ ब्वीत्रेस’. मचाणासाठी: ‘आन्तान्यो, लोस कासादोरेस माताबान आकी तीग्रेस देस्दे प्वेस्तोस एलेवादोस एन लोस आर्बोलेस’. येथे ‘आन्तान्यो’ म्हणजे ‘पूर्वीच्या काळी’ हा शब्द गाळू नये, नाहीतर हे आजही चालते असे वाटेल. आणि शेवटचे: ‘रेस्येन्तेमेन्ते, उन लेओपार्दो कायो एन उन लासो कोलोकादो पोर फुर्तीवोस’.